पाणी पाजलेली की तेलात बुडवलेली?

नागोयाहून आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी मूळचा साताऱ्याकडचा, गेली सहा वर्षं इथे नोकरीला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या, पण जुन्या पद्धतीने हाताने घडवलेल्या जपानी तलवारी जमवायच्या असं डोक्यात बसलंय. सामुराई काळातल्या खिशाला झेपत नाहीत, या त्यामानाने आवाक्यातल्या. एका दुकानात लष्करी मुठीतली एक आवडलीय. दुकानदार म्हणतो, अस्सल हातघडणीची आहे आणि ब्रह्मदेशात लढून आलीय. मूठ उघडून दाखवली नाही, पण आतल्या भागाचा फोटो पाठवला आणि सरकारी नोंदणी कार्डाचाही. दोन्ही जोडतोय. शनिवारी बयाणा द्यायचाय. माझे आजोबा मराठा पलटणीतून लामावर, म्हणजे लढाईवर, गेले होते, मणिपूरच्या बाजूला. व्हिडिओ कॉलवर बाबांना तलवार दाखवली तर ते गप्पच झाले आणि फोन आईकडे दिला. बायको म्हणते, जिने कुणाची मान उतरवली असेल ती माझ्या घरात नको, शिवाय मुलगी पाच वर्षांची आहे. घेऊ का? आणि पुढे साताऱ्याला आणता येईल का?"

आधी तलवार, मग घर, बाबा शेवटी. क्रम उलटा आहे हे मला कळतंय, पण शनिवार जवळ आलाय.

बयाणा देऊ नका. निदान या शनिवारी तरी नाही.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला जपानीत नाकागो म्हणतात. तुमच्या फोटोत नाकागोला एकच भोक दिसतंय. मूठ आणि पातं जोडणारी बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, त्यातून जाते. पण कार्डावर भोकांच्या रकान्यात दोन लिहिलंय. खोट असेलच असं नाही. फोटोत नाकागोचं टोक कापलं गेलंय, आणि लष्करी मुठीच्या तलवारींना दुसरं भोक पुष्कळदा टोकाकडे असतं. पण कार्ड एका तलवारीचं आणि मूठ दुसरीवर असंही होतं. त्यात पात्यावरच्या सहीचा, म्हणजे मेईचा, रकाना नेमका उजेडाने चकाकलाय. योगायोग असू शकतो. मी असले योगायोग पैसे दिल्यानंतर मानते, आधी नाही.

या कार्डाला तोरोकुशो म्हणतात. तलवारीचा प्रकार, लांबी, बाक, भोकं आणि कोरलेला मजकूर एवढंच त्यावर असतं. सही खरी आहे असं ते कुठेच म्हणत नाही. जे कोरलंय ते उतरवून घेतलंय, बस. खोटी सही असलेल्या तलवारीलाही व्यवस्थित कार्ड असतं. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन सुपीक ठरत नाही, तसंच हे. पण कार्डाशिवाय जपानमध्ये तलवार घरात ठेवणं हा गुन्हा आहे. विकत घेतल्यावर २० दिवसांच्या आत, ज्या प्रांताच्या शिक्षण मंडळाने कार्ड दिलंय त्यांना मालक बदलल्याचं कळवावं लागतं. तलवारींचा कारभार शिक्षण खात्याकडे कसा, याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. कारण असं की तिथे तलवार शस्त्र म्हणून नाही, कलावस्तू म्हणून नोंदवली जाते. आणि म्हणूनच यंत्रावर काढलेल्या लष्करी तलवारीला नोंदणी मिळत नाही. सापडली तर पोलिसांकडे जाते आणि तिचे तुकडे होतात. अमेरिकेतल्या एखाद्या संकेतस्थळावर स्वस्तात दिसली म्हणून तसली मागवायचा मोह झाला, तर हे आठवा.

आता ब्रह्मदेश. कार्डावरची नोंदणीची तारीख पाहिलीत का? शोवा २६. शोवा, म्हणजे तेव्हाच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या, वर्षात १९२५ मिळवले की आपलं वर्ष मिळतं, म्हणजे १९५१. ही नोंदणी सुरू झाली त्याच सुमाराचं हे कार्ड. ब्रह्मदेशात, मलायात, सिंगापुरात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांकडून तलवारी उतरवून घेतल्या गेल्या. माउंटबॅटन आणि स्लिम या दोघा ब्रिटिश सेनापतींचाही तसा आग्रह होता. त्या तलवारी ब्रिटनला गेल्या, ऑस्ट्रेलियाला गेल्या, आपल्याकडच्या पलटणींच्या मेसमध्ये भिंतींवर लागल्या. त्यातल्या काही पुढे खरोखर जपानला परतल्या. अशा परतलेल्या तलवारीला तिथे 'सातोगाएरी' म्हणतात. लग्न झालेली मुलगी माहेरी येते त्यालाही हाच शब्द. पण माहेरी आलेल्या तलवारीचं कार्ड नव्या तारखेचं असतं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात हातातून गेलेली तलवार १९५१ मध्ये जपानी कचेरीत नोंदणीला हजर, हे मला पटत नाही. कार्ड याच तलवारीचं असेल तर ब्रह्मदेशाची गोष्ट बहुधा खोटी, आणि गोष्ट खरी असेल तर कार्ड बहुधा दुसरीचं. दुकानदाराला गिऱ्हाईक भारतीय आहे हे दिसत होतं. आजोबांचं त्याला तुम्हीच सांगितलं होतं का?

तर तलवार घ्यायची ती लोखंडासाठी. गोष्टीचे पैसे मोजू नका.

लोखंड कसं ओळखायचं हे पत्रातून शिकवणं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवणं. तरी सांगते. आपल्याकडे लोहार विळ्याला, कोयत्याला पाणी पाजतो, आणि 'पाणीदार' हा शब्द आपण माणसांनाही लावतो. जपानी लोहाराचं सगळं कसब त्या पाण्यातच आहे. नदीतल्या लोहवाळूपासून, कोळशाच्या भट्टीत तीन दिवस तीन रात्री जागून काढलेलं पोलाद म्हणजे तामाहागाने. ते तापवायचं, घणाखाली पसरायचं, मधे खाच पाडून दुमडायचं, पुन्हा ठोकायचं, असं दहा-पंधरा वेळा. पातं तयार झालं की त्यावर मातीचा लेप, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग अंधाऱ्या लोहारशाळेत, कारण लालीचा नेमका रंग उजेडात कळत नाही, तापवून एकदम पाण्यात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. धारेकडचं पोलाद फुगतं म्हणून पातं मागे वाकतं. तो डौलदार बाक मुख्यतः पाण्याने आणलेला असतो. आणि याच क्षणी पातं तडकूही शकतं. आठवड्यांची मेहनत एका 'टक्' आवाजात जाते.

लष्कराला हे परवडणारं नव्हतं. १९३४ पासून अधिकाऱ्यांना जुन्या धर्तीच्या तलवारी लागू झाल्या, पुढे युद्ध पसरलं आणि मागणी अफाट वाढली. मग कारखान्यातलं तयार पोलाद घ्या, यांत्रिक घणाखाली काढा, आणि पाण्याऐवजी तेलात बुडवा. तेल सावकाश निववतं, तडा जात नाही, काम झरझर होतं. अशा तलवारींना संग्राहक शोवातो म्हणतात. वाईट तलवारी नव्हेत त्या, कापतात चांगल्या. पण तुम्हाला हव्यात त्या या नव्हेत. तुम्हाला हव्यात त्यांना गेंदाइतो म्हणतात. काळ तोच, कधी कधी गावही तेच, पद्धत जुनी.

डोळ्याने ओळखायचं ते असं. खोलीतला एकच दिवा ठेवा, पात्याचं टोक दिव्याच्या दिशेने धरा आणि हळूहळू तिरकं करत जा. एका कोनात धारेची रेषा, म्हणजे हामोन, एकदम उजळते. पाणी पाजलेल्या पात्यात त्या रेषेच्या कडेला धुकं दिसतं, आणि धुक्यात पहाटेच्या दवासारखे चमकणारे बारीक कण. रेषेच्या आत धागे, ओघळ, काही ना काही हालचाल चालू असते. तेलातल्या पात्याची रेषा बहुधा निर्जीव असते, पांढरी पट्टी ओढल्यासारखी. पाठीकडच्या भागात दुमडलेल्या लोखंडाचं पोत दिसतं, लाकडाच्या रेषांसारखं. मात्र इथे घाई नको. त्या काळच्या चांगल्या लोहारांचं पोत इतकं घट्ट असतं की पातं सपाट आरशासारखं वाटतं. पोत दिसलं नाही म्हणून नापास करू नका. आणि पाहताना पात्यावर बोलू नका, थुंकीचा एक थेंब पुरतो. बोट तर लावायचंच नाही.

मग नाकागोवरचे शिक्के. शिक्का हा त्या काळचा सरकारी शेरा समजा. गोलात 'शोवा'चं अक्षर असेल (डावीकडे उभी चौकट, मधोमध आडवी रेघ, हे सूर्याचं चिन्ह) किंवा दाराच्या चौकटीसारखं 'सेकी' या लोहारांच्या गावाचं अक्षर असेल, तर ती तलवार पूर्ण जुन्या पद्धतीची नाही असं धरून चाला. अपवाद दाखवणारे भेटतील, त्यांचं ऐकून घ्या. चांदणीचा शिक्का असेल तर कान टवकारा. १९४२ पासून लष्कराने काही लोहारांना मान्यता देऊन तामाहागाने आणि कोळसा पुरवला, त्यांच्या कामावर ही चांदणी असते. आणि शिक्काच नसेल तर? तर काहीच सिद्ध होत नाही. शिक्का नाही म्हणजे हातघडणीची, हा दुकानदारांचा आवडता युक्तिवाद आहे.

तुमच्या फोटोत शिक्का दिसत नाही. मजकूर मात्र वाचता येतो: शोवा १७, आठव्या महिन्यातला एक दिवस. म्हणजे १९४२. हा 'आठवा महिना' पंचांगासारखा शब्दशः घेऊ नका. दुसरा किंवा आठवा महिना कोरायचा ही लोहारांची जुनी रीत आहे. अक्षरं बरी आहेत, छिन्नी चालवणारा हात सरावलेला वाटतो. तलवार चांगली असण्याची शक्यता मला दिसते, म्हणून तर एवढं लिहितेय.

मांचुरियातल्या रेल्वे कंपनीने काढलेल्या, 'मांतेत्सु' नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारीही तुम्हाला दाखवल्या जातील. कडक पोलादाच्या नळीत मऊ लोखंडाचा गाभा, थंडीत न मोडणारी, फार हुशारीचं काम. त्यांचे शौकीन वेगळे आणि किंमतही चढी. पण ती जुनी पद्धत नव्हे. नॉन-कमिशन्ड, म्हणजे हवालदार-नाईक दर्जाच्या लोकांच्या तलवारी तर ओतीव धातूच्या मुठीच्या, पात्यावर नंबर ठोकलेल्या. त्यांचा प्रश्न तुमच्याकडे येतच नाही. उलट बाजूने, एखाद्या अधिकाऱ्याने घरातलं तीनशे वर्षांचं पातं लष्करी मुठीत बसवून नेलेलं असतं. आपल्याकडे विलायती पात्याला देशी मूठ बसवून फिरंग व्हायची, त्यातलाच प्रकार. असं पातं हाती लागेल या आशेवर लोक वर्षानुवर्षं बाजार धुंडाळतात. तुम्ही त्या नादाला लागू नका.

'युद्धातली म्हणजे दुय्यम' असं तुम्हाला कुणी तरी ऐकवणारच, म्हणून थोडं मागचं सांगते. १८७६ मध्ये कंबरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि लोहारांचा धंदा बसला. विळे, कात्र्या, सुऱ्या करून दिवस काढले त्यांनी. ही विद्या तगली त्याला लष्करी मागणी हे एक मोठं कारण आहे, आवडो न आवडो. १९३३ मध्ये तोक्योत दोन लोहारशाळा सुरू झाल्या. एक कुरिहारा हिकोसाबुरो या राजकारणी गृहस्थांची. दुसरी थेट यासुकुनी देवळाच्या, म्हणजे जपानच्या युद्धांत मेलेल्यांच्या स्मारकाच्या, आवारात. देवळातल्या लोहारांची नावं 'यासु'ने सुरू होतात आणि १९४५ पर्यंत तिथे सुमारे ८,१०० तलवारी झाल्या. युद्ध हरल्यावर तलवारी जप्त झाल्या, घडवण्यावरही काही वर्षं बंदी होती. बंदी उठल्यावर पुन्हा भाता कुणी हाती घेतला? याच पिढीने. कुरिहारांच्या शाळेत शिकलेले मियाइरी आकिहिरा १९६३ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरले, हा तिथला कारागिरांचा मोठा सरकारी मान. तेव्हा दुय्यम वगैरे काही नाही. यासुकुनीची तलवार घ्यायची वेळ आली तर मात्र ते देऊळ चिनी आणि कोरियन माणसांना काय आठवण करून देतं हे ठाऊक असू द्या. तुमच्या ऑफिसात ती माणसं असतील आणि दिवाणखान्यात चहालाही येतील.

माझी एक चूक सांगते. आम्ही गिफूला राहत होतो तेव्हा मी पहिली आखूड तलवार घेतली. मूठ उघडली तर नाकागो गंजलेला. मी कोकणातल्या घरात वाढलेली, तांब्या-पितळेवरचा डाग दिसला की हात शिवशिवतो. चिंच-मीठ घेतलं आणि तासभर घासून नाकागो लखलखीत केला. मोठ्या अभिमानाने शेजारच्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याला दाखवला. त्याने दातांमधून हवा आत ओढली, तशी ते लोक ओढतात, आणि कितीतरी वेळ तो चहाच्या कपाकडे बघत बसला. शेवटी एवढंच म्हणाला की आता हिचं वय कुणीच सांगू शकणार नाही. नाकागोवरचा गंज हेच तिच्या जन्माचं प्रमाणपत्र असतं, ते मी चिंचेने धुऊन टाकलं होतं. ती तलवार अजून माझ्याकडे आहे, कारण विकायची कुणाला?

पात्यावरही घरगुती उपाय नकोत. पॉलिश पेपर नको, ब्रश नको, इंटरनेटवर पाहिलेली दगडाच्या पावडरची पुरचुंडीही सुरुवातीला नको, तिने चरे पडतात. मऊ स्वच्छ कापड आणि लवंगेचा वास असलेलं ते तलवारीचं तेल, अगदी पुसट. खरं पॉलिश करणारे इंचाच्या हिशेबाने पैसे घेतात आणि युद्धकाळातल्या तलवारीला तो खर्च तिच्या किमतीवर जाऊ शकतो. म्हणून गंजलेली स्वस्त घेऊन सुधारू हा हिशेब मांडू नका. चांगल्या अवस्थेतली एक घ्या, महाग पडली तरी.

शनिवारी दुकानात जा, मात्र बयाण्याची रक्कम घरी ठेवून. म्हणा, मेकुगी काढून दाखवा, मूळ कार्ड हातात द्या. भोकं मोजा, लांबी जुळवा, कोरलेला मजकूर अक्षराला अक्षर लावून पाहा. जुळलं तर पुढे बोलू. नाही जुळलं तर शिक्षण मंडळाकडून निस्तरून आणायची जबाबदारी विकणाऱ्याची, तुमची नव्हे. आणि मूठ उघडायलाच नाही म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा आणि सेकीची गाडी पकडा. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर सातशे वर्षांचं लोहारांचं गाव आहे आणि तुम्ही पत्रात त्याचं नावही घेतलेलं नाही, याचा मला जरा राग आला. तिथल्या संग्रहालयात तासभर पाती बघा. नागोयातलं तोकुगावा संग्रहालय तर तुमच्या घराजवळच. शंभर चांगल्या बघितल्याशिवाय पहिली घेऊ नये असं तो म्हातारा म्हणायचा. मी नऊ बघून घेतली होती.

आता बायको. तिचं म्हणणं दोन वेगवेगळ्या गोष्टींचं आहे. मुलीचा प्रश्न कुलपाने सुटतो. भिंतीवर किंवा स्टँडवर नाही, किल्लीच्या कपाटात. पातं साध्या लाकडाच्या पांढऱ्या म्यानात, त्याला शिरासाया म्हणतात. लष्करी मूठ-म्यान लाकडी नकली पातं बसवून वेगळं ठेवा, ते हवं तर भिंतीवर लावा. त्याने पात्याचंही भलं होतं, जुन्या लष्करी म्यानात ओल धरते.

मान उतरवण्याचं कुलपाने सुटत नाही. तिला "छे, असं काही नसतं" म्हणू नका. पुष्कळ अधिकाऱ्यांच्या तलवारी कंबरेला लटकण्यापलीकडे काही न करता परतल्या. काहींनी युद्धकैद्यांचे आणि गावकऱ्यांचे गळे कापले, त्याच्या साक्षी खटल्यांत झाल्या आहेत. तुमची कुठली, हे पातं सांगत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या तलवारीचंही तेच आहे, फक्त त्या माणसांची नातवंडं आता फोन उचलत नाहीत. एवढं ऐकूनही ती नको म्हणाली तर नको. घर तिचंही आहे. काचेच्या पेटीतल्या तलवारी बघायला रविवारचं तिकीट काढा, तोही छंदच आहे.

साताऱ्याला आणण्याचं विचारलंत. जपानबाहेर नेताना तिथल्या संस्कृती खात्याची परवानगी काढून नोंदणी कार्ड परत करावं लागतं. इकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तलवार बाहेरून आणायलाही आयातीचा परवाना लागतो. तो हातात नसताना सामानातून आणलीत तर विमानतळावरच ती तुमची राहणार नाही. म्हणून घेताना ती जपानमध्येच राहणार आणि निघताना तिथेच विकली जाणार असं धरून घ्या.

आणि बाबा. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला इथून लावता येणार नाही, तुम्हीही लावू नका. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात उखरूलजवळ सांगशाक नावाच्या डोंगराळ गावात मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. चारी बाजूंनी जपानी, पाणी जवळजवळ संपलेलं, अशा अवस्थेत पाच-सहा दिवस ते ठाणं लढवलं गेलं. आजोबा तिथे होते की दुसरीकडे, हे बटालियनच्या आकड्यावरून कळेल आणि तो त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर असेल. कागद बाबांच्या कपाटात असणार. रविवारी फोन करा, तुमच्याकडचे अकरा म्हणजे त्यांच्याकडे साडेसात, चहा झालेला असतो. तलवारीचा विषय काढू नका. आजोबांचे कागद कुठे आहेत, एवढंच विचारा, आणि या वेळी व्हिडिओ बंद ठेवा.